चहाची खिडकी

दुपारी परत आलेल्या कागदावर पेन्सिलीच्या दोन खुणा होत्या.

थोरलीने तो उजेडात धरला. सव्वीस वर्षं ती एका छापखान्यात मुद्रितं तपासत होती. लोकांच्या मजकुरातल्या चुका काढणं हा तिचा पोटाचा धंदा. स्वतःच्या मजकुरावर दुसऱ्याची खूण ती आज प्रथमच पाहत होती. एकच पान होतं. उद्या सकाळी प्रार्थनामंदिरात, आईच्या शवपेटीशेजारी उभं राहून वाचायचं. तिसऱ्या ओळीत तिने लिहिलं होतं, 'आईने या मंडळीला एकतीस वर्षं शिकवलं.' त्यातल्या 'शिकवलं'वर आडवी रेघ होती आणि वर बारीक, स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, 'साहाय्य केलं'. दुसरी खूण पानाच्या माथ्यावर होती: 'वाचन मुलाने करावे.'

"मुलाने म्हणजे मी," धाकटा भाऊ म्हणाला. तो आईच्या शिवणयंत्रासमोरच्या स्टुलावर बसून उगाच बॉबिन काढत आणि पुन्हा बसवत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. हाताला काम नसलं की त्याला काही सुचत नसे. "मंडळीच्या पंचांनी बसून ठरवलं म्हणे. एकमताने."

"पंचांत बायका किती?"

"ताई, तुला माहितीये."

"माहितीये. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"एकही नाही." त्याने बॉबिन खाली ठेवलं. "एका शब्दासाठी कशाला डोक्याला ताप? वाचतो मी. सगळं तूच लिहिलेलं आहे ना? एक शब्द इकडचा तिकडे."

"एकच शब्द आहे, तर त्यांनी तो कशाला खोडला?"

धाकट्याने बॉबिन पुन्हा बसवलं. घराची पुढची खोली म्हणजे आईचं दुकान. दांडीवर सात गणवेश टांगलेले होते, कमरेला टाचण्या लावलेले, 'शनिवारी देते' असं सांगून ठेवलेले. शनिवार येऊन गेला होता. आई गुरुवारीच गेली.

गावात आईला सगळे मास्तरीण म्हणत. गंमत अशी की ख्रिस्ती मंडळीच्या नोंदवहीत ती कुठेही शिक्षिका नव्हती. तिथे तिच्या नावापुढे एकच काम होतं: 'बुधवारचा चहा.' मंडळीचा नियम जुना आणि पक्का होता. बाईने बायकांना शिकवावं, मुलांना शिकवावं. पण पुरुषाला शिकवू नये आणि उपदेशपीठाची पायरी चढू नये. मुलगा बारा वर्षांचा झाला की त्याला पुरुष धरत आणि तो मास्तरणीच्या रविवारच्या वर्गातून उठून पलीकडे पुरुषांत जाऊन बसे. आदल्या रविवारी ज्याच्या नाकाचा शेंबूड तिने पुसलेला असे, तो पुढच्या रविवारी तिच्यावर अधिकार असलेला माणूस झालेला असे.

बुधवारी दुपारी मंदिराच्या बाजूच्या खोलीत ती बायकांचा शास्त्रवर्ग घ्यायची. खोलीला लागून स्वयंपाकघर, आणि मधल्या भिंतीत चहाचे कप सरकवायला एक खिडकी, लाकडी झडपेची. एका बुधवारी ती झडप अडकली म्हणून सुतारकाका दुरुस्तीला आले. सुतारकाका पंचांपैकी एक. ते स्वयंपाकघरात पाचर ठोकत राहिले आणि इकडे वर्ग चालू राहिला. पुढच्या बुधवारी ते रंधा घेऊन आले. त्याच्या पुढच्या बुधवारी खाचेला मेण लावायला. ती दुरुस्ती नऊ वर्षं चालली.

मग हळूहळू आणखी माणसं येऊ लागली. कोणी कप विसळायला, कोणी गॅस तपासायला, कोणी नुसतं 'पाणी प्यायला'. स्वयंपाकघरात पाच-सहा पुरुष दाटीवाटीने उभे, आणि झडप चार बोटं उघडी. कोणीही वर्गात बसलेलं नव्हतं. त्यामुळे कोणी बाईकडून शिकतही नव्हतं. नियमाला धक्का लागला नाही. शेवटी शेवटी स्वतः पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, येऊन उभे राहू लागले, खिशात छोटी वही घेऊन. आणि बुधवारी चार बोटांच्या फटीतून जे गेलं ते रविवारी उपदेशपीठावरून खाली येऊ लागलं. बायका बाकांवर बसून ते दुसऱ्यांदा ऐकायच्या.

थोरली याच्यावरून आईशी भांडली होती, एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. "झडप लाव आतून," ती फोनवर म्हणायची. "ऐकायचं तर समोर बसून ऐका म्हणावं."

"अगं, शिळं झालं तरी अन्नच ना ते," आई म्हणायची. "पोचतंय ना लोकांपर्यंत?"

"तुझ्या नावाने नाही पोचत."

"नावाचं काय घेऊन बसलीस. त्यांच्या कमरेचा घेर माझ्या वहीत आहे, तेवढं पुरे." आणि हसायची. पाळकांचा रविवारचा काळा झगा तिनेच शिवला होता, गळ्याशी दुहेरी टाका घालून, आणि दर दोन वर्षांनी तीच तो कमरेत सैल करायची.

दर बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी तिचा फोन यायचा. चार वर्षांपूर्वीच्या एका बुधवारी थोरलीने फोन उचलताच आई म्हणाली होती, "मागच्या वर्गात मी माती खाल्ली होती गं. आज बायकांची माफी मागून आले."

गोष्ट शास्त्रातल्या शिंपिणीची होती, म्हणजे आईची सगळ्यात लाडकी. बंदराच्या गावी राहणारी, विधवांना अंगरखे शिवून देणारी, शास्त्रात जिला स्पष्ट 'शिष्या' म्हटलं आहे अशी बाई. ती आजारी पडून मरते आणि प्रेषित तिला उठवतो. आई त्या आधीच्या बुधवारी अंगात ताप असताना वर्गाला गेली होती आणि सांगून बसली होती की लोकांनी तिला खाटेवर घातलं, वेशीतून बाहेर काढलं आणि दुसऱ्या गावी प्रेषिताच्या दारात नेऊन ठेवलं.

"ती खाट दुसऱ्याच मयतीची, विधवेच्या मुलाची," आई म्हणाली. "मी दोन मयती एक करून टाकल्या. शिंपीण तर घरातच होती, माडीवरच्या खोलीत. तिला कोणी कुठे नेलं नाही. दोन माणसं धावत गेली आणि प्रेषितच उठून तिच्या घरी आला. मी आज फळ्यावर दोन्ही गावं काढून दाखवली. म्हटलं, ज्याला वर्गासमोर 'मी चुकले' म्हणता येत नाही त्याने खडू धरू नये." मग जरा थांबून ती म्हणाली, "कपही आज मलाच विसळावे लागले. पाळक पाय मोडून घरी पडलाय ना."

हे सगळं थोरलीला त्या दुपारी आठवलं असं नाही. त्या दुपारी तिने फक्त तो कागद घडी घालून पर्समध्ये टाकला आणि ती पाळकांच्या कचेरीत गेली.

पाळक तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. आईच्या वर्गातून बाराव्या वर्षी उठलेल्यांपैकीच एक. त्याने उठून तिच्यासाठी खुर्ची सरकवली, पाणी दिलं. डोळे खरोखरच सुजलेले होते. त्यामुळे तिला आणखीच राग आला. ढोंगी माणसाशी भांडणं सोपं असतं.

"ताई, मास्तरीणबाई मला आईसारख्या," तो म्हणाला.

"मग हे कोणी लिहिलं?" तिने कागद पुढे ठेवला.

"मीच. पंचांच्या सांगण्यावरून, पण मलाही ते पटलेलं आहे." त्याने कागदाला हात लावला नाही. "हा नियम माझा नाही. बाईचा मान कमी आहे असं कोणी म्हणत नाही. जागा वेगळी आहे, एवढंच. घरात दोन डोकी चालवायला लागली की घर राहत नाही. मोठ्या गावांतल्या मंडळ्या बघा. आधी बाई उपदेशपीठावर गेली, मग स्त्रीवाद आला, मग ज्याला जे पटेल ते शास्त्र झालं. आता तिथे बाकं रिकामी आहेत. मला उद्या देवाला उत्तर द्यायचं आहे."

"मी उपदेश करणार नाहीये. माझ्या आईबद्दल एक खरं वाक्य बोलणार आहे."

"'मंडळीला शिकवलं' म्हणजे पुरुषांना शिकवलं असा अर्थ होतो."

"मग बुधवारी स्वयंपाकघरात तुम्ही काय करत होता?"

पंख्याने टेबलावरचे कागद हलत होते; त्याने त्यांवर तळहात ठेवला.

"कप विसळायचो," तो म्हणाला.

तो हे ओशाळून म्हणाला असता तर ती कदाचित उठून गेली असती. पण तो ते सरळ, शांतपणे म्हणाला. त्याचा त्यावर विश्वास होता. इतकी वर्षं ज्या बाईचं ऐकून याने वह्या भरल्या, तिच्याकडून आपण काही घेतलं हेच याला माहीत नव्हतं. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीचे कान पगार घेत होते, आणि तरी म्हणत होते आम्ही ऐकलंच नाही.

"वाचन भाऊ करेल," पाळक म्हणाला. "तुम्ही पहिल्या बाकावर बसा. सगळ्यांत मानाची जागा आहे ती."

दुसऱ्या दिवशी मंदिर भरलं. आईने शिवलेले कपडे घालून बाया आल्या होत्या. कोणी ठरवून नव्हे, त्यांच्याकडे बरे कपडे तेच होते. कंडक्टरबाई थोरलीच्या शेजारी येऊन बसल्या. त्या तीस वर्षं बसवर तिकिटं फाडून निवृत्त झालेल्या, आईच्या वर्गातल्या पहिल्या पाचांपैकी. त्यांचा आवाज असा की कानात सांगितलेलंही तीन बाकांना ऐकू जायचं.

"वाचू देत नाहीयेत म्हणे तुला," त्या कुजबुजल्या, आणि तीन बाकांवरच्या माना वळल्या. "हे बघ पोरी, युक्ती सांगते. बाईने जागेवरून प्रार्थना केलेली चालते. प्रार्थनेला कोणी मध्ये थांबवत नाही. 'हे प्रभू, तुला माहीतच आहे' असं म्हण आणि जे सांगायचं ते सांगून घे. तुझी आई असंच करायची. एकदा पंचांच्या सभेत तिने वीस मिनिटं प्रार्थना केली, छप्पर दुरुस्त झालं."

एरवी थोरली हसली असती.

"आई जन्मभर खिडकीतून बोलली, मावशी," ती म्हणाली. "मी देवाच्या आडून नाही बोलणार."

"मग?"

"मग काही नाही."

धाकट्याने कागद वाचला. 'साहाय्य केलं' म्हणताना तो अडखळला, पण म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याने बहिणीकडे पाहिलं नाही. ती समोरच्या पेटीच्या पितळी कड्याकडे पाहत राहिली. तिला वाटलं, मजकूर छापून गेला आता. चूक तशीच राहिली. हे पान आपल्या हातून गेलं.

मग पाळक उपदेशपीठावर चढले. काळा झगा कमरेत पुन्हा घट्ट व्हायला लागला होता; आता तो सैल कोण करणार होतं. त्यांनी वही उघडली, आणि विषय कोणता असणार हे अर्ध्या मंदिराला आधीच कळलं. शिंपिणीच्या मयतीला शास्त्रातल्या शिंपिणीचाच उतारा.

ते चांगलं बोलत होते. अंगरख्यांबद्दल बोलले, सुईबद्दल बोलले, बोलण्यापेक्षा हात चालवणाऱ्या बाईच्या मोठेपणाबद्दल बोलले. थोरलीला एकेक वाक्य ओळखू येत होतं. फोनवर ऐकलेलं, फक्त मधून मधून त्यात 'निमूट' हा शब्द घातलेला. आई कधीच निमूट हा शब्द वापरायची नाही.

"आणि मग," पाळक म्हणाले, "लोकांनी त्या भल्या स्त्रीला खाटेवर घातलं. वेशीतून बाहेर काढलं. दुसऱ्या गावी, प्रेषिताच्या दारात नेऊन ठेवलं. ती काही बोलली नाही, तिने काही मागितलं नाही. जिथे अधिकार होता तिथे तिला आणलं गेलं. आज आपणही आपल्या बहिणीला तसंच..."

बाकांवर काहीतरी हललं. एक बाई दुसरीकडे पाहू लागली, दुसरी तिसरीकडे. थोरलीने मान वर केली. चूक दिसली की तिचा हात आपोआप पेनाकडे जायचा. आताही तो पर्सवर गेला.

शेजारी कंडक्टरबाई उभ्या राहिल्या.

"पाळकसाहेब, तिला नेलं नाही," त्या म्हणाल्या. भरलेल्या बसमध्ये 'पुढे सरका' म्हणावं त्या आवाजात, रागावून नव्हे, सवयीने.

पाळक थांबले. "काय म्हणालात?"

"शिंपिणीला कुठे नेलं नाही. ती घरीच होती, माडीवर. दोन माणसं बोलवायला धावली आणि प्रेषित उठून तिच्याकडे आला. खाट विधवेच्या मुलाची. शास्त्र काढून बघा."

पाळकांनी पानं उलटली. मंदिरात तेवढाच आवाज होता. ते वाचताना त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"बरोबर," ते म्हणाले. "माझी... नोंद करताना गफलत झाली असेल."

"तुमची नाही हो," कंडक्टरबाई म्हणाल्या. "चूक मास्तरीणबाईंची. ताप होता त्यांना त्या दिवशी. पुढच्या बुधवारी त्यांनी फळ्यावर दोन गावं काढून सुधारली. त्या बुधवारी तुम्ही किचनमध्ये नव्हता. तुमचा पाय प्लास्टरमध्ये होता."

मागून कोणीतरी खाकरल्यासारखं हसलं आणि ते पटकन गिळलं. पाळकांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पंचांच्या बाकावर पाच जण पुढे बघत होते आणि सहावे, सुतारकाका, गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठत होते.

"मी होतो त्या बुधवारी," सुतारकाका म्हणाले. ऐंशीच्या घरातला माणूस; आवाज फाटलेला. "दोन गावं, मधे रस्ता. झडपेतून दिसत होतं." ते पेटीकडे वळले. "झडपेला नंतर कधीच काही झालेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी नीट झाली होती ती."

एवढं बोलून ते बसले. पाळकांनी वही मिटली. त्यांना पुढे जाता येईना आणि खाली उतरता येईना. अशा वेळी माणूस जे करतो तेच त्यांनी केलं.

"आपण डोळे मिटून प्रार्थना करू या," ते म्हणाले.

साडेतीनशे माना खाली गेल्या. थोरली उभी राहिली. तिने पुढे होऊन पेटीच्या पितळी कड्याला धरलं. पेटीला पाठ करून ती मंडळीकडे वळली.

"ही प्रार्थना नाही," ती म्हणाली. "डोळे उघडे ठेवा."

एकेक मान वर आली. धाकट्याची सगळ्यांत आधी.

"माझ्या कागदावरचा एक शब्द खोडला होता, तो वाचायचा राहिला. आईने या मंडळीला एकतीस वर्षं शिकवलं. बायकांना समोर बसवून शिकवलं. पुरुषांना भिंतीआडून शिकवलं, कारण समोर बसायची त्यांची तयारी नव्हती. तिला त्याचं दुःख नव्हतं. मला आहे. पाळकसाहेब, तिची चूकसुद्धा तुम्ही उचललीत. फक्त चूक कबूल करायची कशी, ते शिकवलं त्या दिवशी तुम्ही आला नाहीत."

पाळक पंचांकडे पाहत होते आणि पंच पाळकांकडे.

"बाकी कागद भावाने वाचला आहे," ती म्हणाली आणि जागेवर येऊन बसली. कंडक्टरबाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच, खरोखर कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, काहीतरी म्हटलं. ते थोरलीलाही ऐकू आलं नाही.

दफन झालं. परतल्यावर बाजूच्या खोलीत चहा होता. फळा अजून तिथेच होता, पुसलेला, पण उजव्या कोपऱ्यात आईच्या हातचं 'बुधवार ३ वाजता' राहिलेलं. थोरली कप मांडत होती. पलीकडे स्वयंपाकघरात हालचाल झाली आणि झडप चार बोटं वर सरकली.

"ताई," पाळक फटीतून म्हणाले. झगा काढून ठेवलेला होता. नुसत्या सदऱ्यात ते बरेच लहान दिसत होते. "मंदिरात जे झालं त्यावर पंच बसतील. मला वाईट वाटलं. पण ते राहू दे. मास्तरीणबाईंच्या वर्गाच्या वह्या... त्या घरी असतील ना? मंडळीच्या उपयोगी पडल्या असत्या. फुकट जायला नकोत."

तिने हातातला कप खाली ठेवला. काल या माणसाचे सुजलेले डोळे पाहून तिला राग आला होता. आज तो राग आणखी खोल गेला, कारण तो आताही खरोखरच दुःखी होता, आणि आताही फटीतूनच मागत होता.

"वह्या बुधवारच्या वर्गात राहतील," ती म्हणाली. "मावशी वर्ग घेणार आहेत. तीन वाजता."

"म्हणजे मी बुधवारी..."

"बुधवारी या. पण इकडच्या दाराने या. बाकावर बसा."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे बसलेल्या बायकांकडे. त्या चहा पिता पिता थांबल्या होत्या.

"तसं कसं करता येईल, ताई," तो म्हणाला.

"मग नका येऊ."

तिने झडप धरून खाली ओढली. ती अगदी सहज उतरली, कुठे अडकली नाही. खालची कडी मात्र इतकी वर्षं न वापरल्यामुळे गंजली होती. ती लावायला तिला दोन्ही हात लागले. मागून कोणीतरी तेलाची कुपी पुढे केली. सुतारकाका होते. ते पुढच्या दाराने आत आले होते आणि बसायला जागा शोधत होते.

"सरका जरा," कंडक्टरबाई बाकावरच्या बायकांना म्हणाल्या. "एक सीट द्या म्हाताऱ्याला."